कोमट म्हणजे किती?

डिसेंबरातल्या एका सकाळी आईनं दह्याच्या भांड्यावरचं झाकण उचललं, भांडं जरा कलतं करून पाहिलं आणि काही न बोलता झाकण परत ठेवलं. मी शेजारी चहा गाळत होतो. झाकण ज्या आवाजात ठेवलं गेलं त्यावरूनच कळलं, आजही लागलं नाही. त्या आठवड्यातली ती तिसरी वेळ. वर सायीचा पापुद्रा, खाली दूधच दूध, आणि तळाशी विरजणाच्या गुठळ्या जशा टाकल्या तशाच.

मग नेहमीचे संशयित उभे केले. पुण्याची थंडी. पिशवीचं दूध. फ्रिजमध्ये आठ दिवस पडून मेलेलं विरजण. आम्ही शेजारून ताजं विरजण आणलं, दूध बदललं, भांडं पिठाच्या डब्यात बसवून वर आईची जुनी शाल गुंडाळली. बायकोला कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं देठासकट हिरवी मिरचीही टाकून पाहिली. एक दिवस लागायचं, दोन दिवस नाही. जिच्या हातचं दही सुरीनं कापावं असं लागायचं, तिचं दूध रोज सकाळी दूधच राहत होतं, आणि हळूहळू ती त्याबद्दल बोलेनाशी झाली.

खरा गुन्हेगार सापडायला जानेवारी उजाडला. आणि तो सापडला दिवाळीच्या लाडवांसाठी आणलेल्या साडेचारशे रुपयांच्या एका काडीमुळे.

तापमान मोजणं हा माझा धंदा होता. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. भट्ट्या, बॉयलर, रंग भाजायचे ओव्हन. पीटी-हंड्रेड म्हणजे प्लॅटिनमची तार. शून्य अंशाला तिचा रोध बरोबर १०० ओहम आणि शंभर अंशाला १३८.५. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. कामावर दोन अंशांच्या फरकावरून लोकांशी वाद घातलेत, कॅलिब्रेशनची तारीख उलटलेल्या मीटरवर लाल चिकटपट्टी मारून तो बाजूला ठेवायला लावलाय. आणि असा माणूस संध्याकाळी घरी येऊन, ‘तेल चांगलं तापलं का गं?’ असं विचारत आयुष्यभर भजी खात होता.

घरात तापमानाची पट्टी वेगळीच होती. गारढोण, गार, निवलेलं, कोमट, ऊन, गरम, कढत, कडकडीत. प्रत्येक शब्दाची हद्द ठरलेली, फक्त ती कुठे लिहिलेली नव्हती. वरणभातावर तूप पडायचं तेव्हा भात ‘ऊन ऊन’ हवा. ‘कढत’ असला तर लहान मुलाला भरवता येत नाही. चकलीच्या पिठात मोहन ‘कडकडीत’. मोदकाच्या उकडीला पाणी ‘आधणाचं’. साबुदाणा वड्याचं तेल ‘सणसणीत नको, बेताचं’. आणि विरजण लावायला दूध ‘कोमट’. लग्न होऊन आलेल्या मुलीला ही पट्टी सासूकडून मिळायची, आणि सासूचं कोमट आईच्या कोमटापेक्षा निराळं निघालं की तिचं दही महिनाभर बिघडायचं.

थर्मामीटर आमच्या स्वयंपाकघरात यायला आणखी एक अडचण होती. आईनं त्याला बंदी घातली होती. ती माझ्यामुळेच. मी तिसरीत असताना आईला मदत म्हणून तापाचा थर्मामीटर विरजणाच्या दुधात बुडवला होता. दूध नुकतंच उतरवलेलं. तापाच्या थर्मामीटरची पट्टी माणसाच्या अंगापुरती, बेचाळीस अंशांच्या आसपास संपते. त्यापुढे पाऱ्याला पसरायला जागाच नसते. टिक असा बारीक आवाज झाला, आणि काचेचा टिपूस, पाऱ्याचे मणी आणि दीड लिटर दूध असं एकत्र झालं. ते दूध ओतून देताना आईचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून दिसतं. महिनाअखेर होती. त्या दिवसापासून नियम झाला, ‘ते काचेचं या दारातून आत आणायचं नाही.’ नियम चुकीचा नव्हताच. काच आणि पारा, दोघांचंही अन्नाशेजारी काही काम नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच दिवाळीत मी रव्याच्या लाडवांचं काम अंगावर घेतलं. आई अठ्ठ्याहत्तरची, आणि आदल्या दोन्ही वर्षी लाडू दगड झाले होते. जावयानं ते चहात बुडवून खाल्ले, इतका सज्जन माणूस. पाक पुढे जात होता. आईसुद्धा म्हणाली, ‘हल्ली साखरच कसली येते.’ ती चमच्यावरचा पाक अंगठा आणि तर्जनीत धरून तार बघायची. आम्हाला त्या पाकाची वाफसुद्धा सोसायची नाही, आणि ती मात्र सावकाश बोटं जुळवायची, उघडायची, पुन्हा जुळवायची. तिला चटकेच बसत नाहीत, हात स्वयंपाकात मुरलेत, असं आम्ही कौतुकानं म्हणायचो. हे वाक्य ध्यानात ठेवा.

तर मी थर्मामीटरची काडी आणली. बाजारात तीन जातींच्या काड्या मिळतात आणि माझ्या मते एकच घेण्यासारखी आहे. पहिली गोल तबकडी आणि काट्याची. तिच्या दांड्यात दोन धातूंची जोडपट्टी पीळ घालून बसवलेली असते. दोन्ही धातू कमीजास्त फुगतात, पट्टी वळते, काटा फिरतो. बॅटरी लागत नाही हे खरं, पण तिचं मोजणारं अंग चांगलं दोन-अडीच इंच लांब असतं. तेवढं सगळं बुडालं तरच आकडा खरा. चार वाट्यांच्या पाकात ते बुडणार कुठे? दुसरी जात थर्मिस्टरची. टोकाशी एक बारीकसा मणी, तापला की त्याचा विजेला होणारा अडथळा घटतो, त्यावरून आकडा. पाच-दहा सेकंद लावते, पण टोकाचा सेंटिमीटरभर भाग बुडाला तरी पुरे. घरासाठी हीच. तिसरी थर्मोकपलची, माझी जुनी मैत्रीण. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा तापला की विजेचा सूक्ष्म दाब निर्माण होतो, के-टाइप नावाच्या नेहमीच्या जोडीला अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. दोन-तीन सेकंदांत उत्तर देते आणि तितकीच महागही असते. केटरिंगवाल्यांनी घ्यावी. मी मोहाला बळी न पडता थर्मिस्टरची घेतली याचा मला अजून अभिमान आहे.

पहिली काडी चार दिवस टिकली. भांड्यांबरोबर ती घासली गेली, नळाखाली धुतली गेली, आणि डोक्यात पाणी जाऊन आकड्यांच्या जागी नुसते अर्धवट काळे ठिपके दिसायला लागले. घेताना डोक्याचा भाग पाण्याला दाद न देणारा आहे का, एवढं बघून घ्या. बाकी जाहिरातीतल्या गोष्टी सोडून द्या. लोहचुंबक, दिवा, कप्पा, कशाचाच पाकाला उपयोग नाही.

नवीन काडी आल्यावर मी ती आधी तपासली. सवय जात नाही. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरायचा, फटी भरतील एवढंच पाणी ओतायचं, ढवळायचं, दोन मिनिटांनी काडी मधोमध धरायची. तळाला लावायची नाही, काचेला टेकवायची नाही. शून्य यायला हवं, माझं ०.३ आलं. साडेचारशे रुपयांत आणखी काय मागणार. मग उकळत्या पाण्यात. तिथे आलं ९८.

याच ९८ वरून वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी स्वतःची काडी सदोष म्हणून परत पाठवली होती. बदलून आली, तिच्यातही ९८. तीही परत पाठवायच्या बेतात होते तेव्हा माझ्याकडे आले. मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, काडी बरोबर आहे, पुणं उंच आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर. वर गेलं की हवेचा दाब कमी, आणि ढोबळ मानानं दर तीनशे मीटरला पाणी एक अंश आधी उकळतं. मुंबईत शंभर, पुण्यात अठ्ठ्याण्णव, महाबळेश्वरला पंचाण्णव-शहाण्णव. तिथे थंडीत उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही म्हणून पाण्याला शिव्या घालतात, त्यातला थोडा वाटा या चार अंशांचा. गंमत म्हणजे अँडर्स सेल्सिअसला हे पक्कं ठाऊक होतं. १७४२ मध्ये त्यानं पट्टी मांडली तेव्हाच पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे हलतो हे त्यानं नोंदवलं होतं. (त्याची मूळ पट्टी उलटी होती, उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर. त्याच्यामागे लोकांनी ती सरळ केली. नाहीतर आपला पाक उणे चार अंशांवर एकतारी झाला असता.)

आता पाक. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, जाड बुडाचं पातेलं. आई पाटावर बसून बघत होती, काचेचं नाही याची खात्री करून घेतल्यावर. उकळी फुटली तेव्हा आकडा १०१ दाखवत होता. साखर विरघळलेलं पाणी नुसत्या पाण्यापेक्षा चढ्या तापमानाला उकळतं, आणि साखर जितकी दाट तितकं चढं. म्हणजे ही काडी पाकात उष्णता मोजते असं वाटतं, पण प्रत्यक्षात ती किती पाणी उरलंय ते सांगत असते. आणि दोन बोटांतली तार? तीही तेच सांगते. पाणी आटलं की पाक चिकट, चिकट की तार लांब. एकाच गोष्टीला विचारायचे दोन प्रश्न.

हे मला पुस्तकात वाचून कळलं असतं, पण त्या दिवशी ओट्यावर बघितलं. आकडा १०१ वर बसून राहिला. मी कंटाळून वेलची सोलायला घेतली. १०१.४. १०१.८. आई म्हणाली, ‘त्याच्याकडे काय बघतोस, बुडबुड्यांकडे बघ.’ सुरुवातीला बुडबुडे मोठे, फसफसणारे, पटकन फुटणारे होते. १०३ च्या सुमाराला ते लहान आणि जड झाले, फुटायला वेळ घ्यायला लागले, आवाज खाली उतरला. १०३.५ ला मी चमचा तिच्यापुढे धरला. तिनं बोटं जुळवली, उघडली. ‘नाही अजून.’ मी माझी बोटं लावली, आई गं करत, आणि मला एक तार स्पष्ट दिसली. पुन्हा विचारलं. ‘नाही रे, कच्चाय.’ १०४.५, ‘आता जरा येतेय.’ तेवढ्यात मी गॅस बंद केला, रवा ढकलला आणि तिचा ओरडाही खाल्ला. त्या वर्षी लाडू असे झाले की जावयानं चहा बाजूला ठेवून खाल्ले.

शेवटचे दोन अंश फार भरभर पळतात, हे सांगायला हवं. आधी पाणी भरपूर असतं, चमचाभर उडालं तरी दाटपणात फरक पडत नाही. मग उरतंच थोडं, आणि त्यातलं चमचाभर उडालं की आकडा झेप घेतो. पाक ‘पुढे जातो’ तो असा. माझ्या वहीत आमच्या घरचे आकडे आहेत: एकतारी १०३ ते १०४, दोनतारी १०६ ते १०७, गोळीबंद ११० पासून पुढे. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी यात दोन मिळवावेत. परदेशी मिठाईच्या कृतीत मऊ गोळीची पायरी ११२ ते ११६ लिहिलेली असते, ती समुद्रसपाटीची. पुण्यात त्यातून दोन वजा. साताऱ्याच्या वरच्या अंगाला कुणी राहत असेल तर आधी आपल्या घरी पाणी किती अंशांना उकळतं ते बघा आणि तेवढा फरक सगळ्या आकड्यांतून काढा. गुळाला मात्र हे आकडे जसेच्या तसे लावू नका. गुळात साखरेखेरीज बरंच काही असतं, आणि प्रत्येक ढेप आपल्या स्वभावाची.

गुळावरून आठवलं. नोकरीत असताना एका सहकाऱ्याबरोबर कोल्हापूरकडे त्याच्या गावी गेलो होतो. हंगामाचे दिवस, शेताच्या कडेला गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाडं धडधडत होती आणि काहिलीत सोनेरी फेस चढत होता. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणायची, ती झाऱ्यानं काढायची, ते झालं होतं. गुळव्या बांधावर उभा होता, काहिलीकडे पाठच केल्यासारखा. मधूनच वळायचा, फेसाकडे बघायचा, पुन्हा तंबाखू मळायचा. माझ्या पिशवीत कामावरचा हातातला मीटर होता. परवानगी घेऊन मी थर्मोकपलची लांब काडी काहिलीत सोडली. ११२. ११४. गुळव्यानं पाण्याच्या वाटीत थेंब सोडला, बोटांनी गोळी वळली, टाकून दिली. ११६. पुन्हा थेंब, पुन्हा गोळी, या वेळी त्यानं ती काहिलीच्या कडेवर टचकन आपटली, आवाज ऐकला आणि हात वर केला. चौघांनी काहील उतरवली. मीटरवर ११७.८ होतं. गुळासाठी ११८ च्या आसपासचा आकडा आणि काकवीसाठी १०५-१०६ हे मी नंतर वाचलं. मी त्याला मीटर दाखवला. त्यानं कौतुकानं पाहिला आणि विचारलं, ‘ह्याला ऊस कुठल्या रानातला ते कळतं का?’ चोपण रानातल्या उसाचा गूळ मऊ पडतो, त्यासाठी तो थोडं पुढे जाऊन उतरवतो. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून स्वयंपाकातल्या प्रत्येक गोष्टीत काडी खुपसणाऱ्यांचा मी पक्षपाती नाही. आपला बराचसा स्वयंपाक उकळण्यावर चालतो, आणि उकळणं हेच एक तापमान आहे, फुकट मिळणारं. आमटी, रस्सा, उसळ, खीर, यांत मोजायचं काय? कुकरची शिट्टी हाही एका अर्थी थर्मामीटरच. वरच्या वजनानं दाब ठरतो, दाबानं तापमान ठरतं, ते एकशेवीसच्या आसपास अडकून राहतं. कोंबडी रश्श्यात खदखदली असेल तर ती शिजलीच. पण तीच कोंबडी मुलगा ओव्हनमध्ये आख्खी भाजतो तेव्हा मी काडी घेऊन उभा असतो. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४. बाहेरून तांबूस झालेली कोंबडी आत ६० वर असलेली मी पाहिली आहे. पावाचंही तसंच, वरून ठोकून पोकळ आवाज ऐकायची विद्या मला आली नाही, आत ९३ च्या पुढे गेला की काढतो.

तळणीत काडीपेक्षा पिठाची गोळी बरी असं माझं मत होतं. टाकली की तळाशी जाऊन लगेच वर आली, तेल झालं. मोजल्यावर कळलं की गोळीचा निकाल बरोबर असतो, पण फक्त त्या क्षणापुरता. एका वेळी आठ चकल्या सोडल्या की १७५ चं तेल १५० च्या खाली येतं, आणि तेल पिणाऱ्या मऊ चकल्यांचं मूळ तिथे असतं. आता आम्ही पाचच सोडतो. बायको म्हणते हे ती पंचवीस वर्षं सांगत होती. म्हणत असेल.

बंदुकीबद्दल दोन शब्द. २०२० नंतर घरोघरी कपाळावर धरायच्या बंदुका पडून आहेत. त्या तव्यावर धरू नका, त्या माणसापुरत्या असतात आणि पन्नाशीच्या आतच हात टेकतात. कामाची अवरक्त (इन्फ्रारेड) बंदूक वेगळी मिळते. काळ्या बिडाच्या तव्यावर ती झकास चालते. घावनाचा तवा आम्ही पाण्याचा शिंतोडा मारून बघायचो, तो थेंब चुर्र न होता मोत्यासारखा नाचत पळाला की तवा फार तापला. बंदूक तिथे दोनशेच्या वरचे आकडे दाखवते. पण चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर तिला काही दिसत नाही. स्टील स्वतःची उष्णता फेकायला कंजूष, आणि समोरच्या भिंतीची परावर्तित करायला उदार. कढत पातेल्याला ती ४० सांगेल आणि तुम्ही हात लावाल. कारखान्यात आम्ही अशा नळ्यांवर काळी पट्टी चिकटवून मग मोजायचो.

आणि फ्रिज. सर्वांत स्वस्त, सर्वांत दुर्लक्षित जागा. मे महिन्यात आमच्या फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात पाण्याचा पेला रात्रभर ठेवून सकाळी काडी बुडवली तर ९. दूध आम्ही तिथेच ठेवत होतो. आत, खालच्या फळीवर ४. तेव्हापासून दारात चटणी-लोणची, दूध आत. शिळा भातही आता जेवणं झाल्या झाल्या पसरट ताटलीत निववून आत जातो. तांदळातले काही जंतू शिजवल्यावरही बीजरूपात तगून राहतात, आणि भात रात्रभर ओट्यावर कोमट राहिला की वाढतात. त्यांचं जे विष तयार होतं ते सकाळच्या फोडणीनं जात नाही. फोडणीच्या भातावर माझा जीव आहे, म्हणूनच हे सांगतोय.

जानेवारीत संक्रांतीच्या आधी दोन दिवस, रात्री साडेनऊला आई विरजण लावत होती. मी ओट्यावर तिळगुळाच्या पाकाची उजळणी करत होतो, काडी हातातच. तिनं दुधात करंगळी बुडवली. हे ती रोज करते, करंगळी बुडवून मनात दहापर्यंत मोजायचं, सोसलं तर झालं. तिचे ओठ हलत होते. दहा झाले, करंगळी पदराला पुसली आणि विरजणाच्या वाटीकडे हात नेला. मी सहज, अगदी सहज, काडी दुधात सोडली.

५८.

मला वाटलं काडी गेली. पुसून पुन्हा लावली. ५८. मी माझं बोट घातलं आणि ‘तीन’ म्हणायच्या आत काढलं. ‘आई, हे कढत आहे.’

‘कोमट आहे,’ ती म्हणाली.

बायकोला बोलावलं. ती दोनच्या पुढे मोजू शकली नाही. आई आमच्याकडे बघत राहिली, मग तिनं करंगळी परत दुधात घातली आणि तशीच ठेवली.

विरजण, दूध, थंडी, सगळे निर्दोष सुटले. विरजणातले जीव तीस ते पंचेचाळीस अंशांत खुशीनं काम करतात आणि पन्नाशीपलीकडे माना टाकतात. थंडीच्या दिवसांत लवकर निवेल म्हणून ती दूध जरा आधीच बघत होती, आणि बोट काही सांगतच नव्हतं. ज्या दिवशी मालिका लांबायची त्या दिवशी दूध आपोआप निवायचं आणि दही लागायचं. मधुमेह तिला सोळा वर्षांपासून. पाय बधिर वाटतात, मुंग्या येतात हे तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं. हातांचं कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं, कारण तिला ते ठाऊकच नव्हतं. न जाणवणारी गोष्ट जाणवत नाही हे कळणार कसं? दोन दिवसांनी डॉक्टरांनी नायलॉनचा तंतू बोटांना टेकवून, ट्यूनिंग फोर्क लावून, गरम-गार नळ्या टेकवून पाहिलं. बोटांच्या टोकांपर्यंत आलं होतं. मुरलेले हात म्हणून आम्ही ज्याचं कौतुक करत होतो ते हेच. लाडवाच्या पाकाची पहिली तार चुकायची ती कदाचित याचमुळे, आणि कदाचित चष्म्यामुळे. तेवढं मी सांगू शकत नाही.

नंतर मी या करंगळीच्या मागे लागलो. दहापर्यंत मोजणं ही अंधश्रद्धा नव्हती. माणसाच्या कातडीत उष्णतेची जी जाणीव चटक्यात बदलते, तिचा एक दरवाजा साधारण ४३ अंशांना उघडतो. टीआरपीव्ही-१ असं रुक्ष नाव आहे त्याचं. डेव्हिड ज्युलियसनं १९९७ मध्ये तो शोधला तो मिरचीतल्या कॅप्सेसिनचा माग काढताना, कारण मिरची तोच दरवाजा उघडते, म्हणून ती ‘जळते’. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला आणि आर्डेम पटापुटियनला मिळालं. म्हणजे बोट दहापर्यंत जेमतेम सोसतं ते तापमान आणि विरजणाला हवं ते तापमान, दोन्ही एकाच वेशीवर भेटतात. कुणा आद्य सुगरणीला हे सापडलं आणि पिढ्यान्‌पिढ्या ते करंगळीतून करंगळीत गेलं. मी घरात सगळ्यांची तपासणी केली. डोळे मिटून बोट घालायचं आणि निवत्या दुधात ‘आता कोमट’ म्हणायचं. बायको ४३. मुलगी ४१. मुलगा ४६, त्याला दही लावायला सांगू नये. मी ४५. एकतीस वर्षांचा अनुभव.

काडी आता दोन आहेत. दुसरी न्हाणीघरात, बादलीसाठी. डॉक्टरांनी पहिली ताकीद दिली ती दह्याची नव्हती, आंघोळीच्या पाण्याची होती. पाणी ३८ च्या पुढे नको आणि पायानं बघायचं नाही. दुधाचं आम्ही ठरवलं, थंडीत ४२, उन्हाळ्यात ३७-३८. दूध आधी चांगलं उकळायचं हेही ठरलेलंच. उकळल्यानं दुधातली प्रथिनं उलगडतात आणि दही घट्ट धरतं. नुसतं कोमट करून लावलेलं पातळ होतं. हे आईला मी सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंस.’

पहिले काही दिवस ती काडीकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघायची. आकडे बारीक, म्हणून मोठ्या आकड्यांची आणली. मग एक दिवस माझी वही तिच्याकडे गेली. पाकाच्या पानांनंतर दह्याची पानं सुरू होतात ती तिच्या अक्षरात. अजूनही ती करंगळी आधी घालते, दहा मोजते, आणि मगच काडी लावते. आकडा आला की एकदा माझ्याकडे बघते.

‘सोम. ४२. डब्यात. लागलं.’

‘मंगळ. ४४. घाई केली. आंबट.’

‘बुध. उपास. ४१. छान.’

परवा पान उलटलं तर सगळ्यात खाली होतं, ‘शनि. काडी सापडली नाही. सुनेचं बोट. लागलं.’